मोटेच्या चपला

वैशाख वद्य, सोमवार, सन १९५७
पिंगळीच्या अलीकडचा मळा

मुंजाजीस,

आशीर्वाद मागून लिहीन. आधी काम ऐक.

बुधवारी सांजच्याला वावधन आलं. धूळ अशी की हाताला हात दिसंना. आबासाहेबाच्या कापसाच्या जिनापासून आपल्या वढ्यापर्यंत लाइटीचे खांब पोटावर पडलेत, दारू प्यालेल्या वऱ्हाडासारखे. तार तुटून आपल्या बांधावर आली. तवापासून मोटर बंद हाय.

तू म्हणशील, आज्जी, दोन उन्हाळे तोंड बंद ठेवलंस आन मोटर बंद पडली तवा उघडलंस. व्हय, तसंच हाय. तू तिकडं हैद्राबादेत लाइटीच्या कंपनीत हाईस म्हून लिहायले. कापडाच्या दुकानात असतास तर लिहिलं नसतं. तुझ्या साहेबाला सांग, आमच्या आज्ज्याच्या मळ्याकडचे खांब तेवढे उभे करा. दुसरं काही मागत न्हाई.

पानाच्या वेलीचं तुला सांगायला नको. कापूस वाट बघतो, जवारी वाट बघती, पानाची वेल बघत न्हाई. उन्हाळ्यात दिवसाआडचं पाणी चुकलं की माना टाकती. मिरग लागेपर्यंत जगवली तर जगली. आन मिरगाला आजून लय दिस हायेत. विहिरीचं पाणी पायऱ्या सोडून खाली गेलंय.

मोट जुंपा म्हणशील. कशाची जुंपू? बैलं इकली. विहिरीच्या तोंडाचा दगड फोडून तिथं मोटर बसवली, तुझ्याच शब्दावर. मोटेचं कातडं तुझ्या आज्ज्यानं सोता चांभाराला नेऊन दिलं, घरातल्या सगळ्यांना चपला झाल्या. एक जोड तुझ्या पायात हाय. भावकीतल्या व्यंकटीला बैलं मागितली तर तो म्हणला, "काकू, बैलं न्या. पर मोट कुठं लटकवणार? मोटरच्या डोक्यावर?" आपल्याच घरची जीभ, काय बोलावं.

वादळ आलं तवा मोटर चालू होती, तिचा खटका तसाच खाली हाय. मी वर करायला गेले तर तुझा आज्जा अंगावर आला. "हात लावू नको. लाइट आली म्हंजे तिला कळायला पायजे, इथं कुणीतरी वाट बघायलंय." हाच माणूस मोटर आली तवा तिच्याकडं पाठ करून बसायचा. म्हणायचा, हिला गाणं येत न्हाई, हिला बैलाचा वास न्हाई, ही कसली मोट. आता तिच्या खटक्याची राखण करायलाय.

त्याला हे पत्र ठाऊक न्हाई. तुझं नाव काढलं की तो उठून मळ्यात जातो. तू त्या तेलंगणीशी लगीन लावून घरी सांगायला आलास तवा तो जे बोलला, ते मी खोडणार न्हाई. "माझ्या मळ्यात पाय ठेवायचा न्हाई." पानमळ्यात चपला घालून कुणी जात न्हाई, विटाळशी बाई जात न्हाई, सुतकातलं माणूस जात न्हाई, आन आता तू न्हाई. कुणाच्या पंगतीला नेऊन बसवलं तुला, बघ.

तब्येत बरी हाय. दोघांची.

तुझी आज्जी
झुंबर

अक्षर वाकडं वाटलं तर मुकाट वाच. तुझ्याच पाटीवर गिरवून शिकलेलं हाय. तुझं सुधारलं, माझं न्हाई.


वैशाख अमावस्या

मुंजाजीस,

तुझं पाकीट आलं. लगेच लिहिलंस ते बरं केलंस. काम मात्र केलं न्हाईस. म्हणतोस, तुमची कंपनी येगळी, आमची येगळी, आन आता तर राज्यबी येगळं. गेल्या दिवाळीत त्यांनी नकाशावर रेघ मारली तवा तू तिकडच्या अंगाला राहिलास, ते तुझ्या मनानं. आता रेघेच्या नावानं मला शिकवू नको. तार मला दोन्हीकडं सारखीच दिसती.

म्हून मीच गेले. पिंगळीच्या ठेसनावर गाडी धरली आन परभणीला उतरले. लाइटीचं हापिस हुडकायला वेळ लागला न्हाई. जिथं सगळ्यात जास्त माणसं बोंबलायली तिथं जाऊन उभी राहिले. आत दिनकरराव म्हून एक गुमास्ता हाय. त्याच्या डोक्यावर पंखा फिरायलाय, गरागरा.

मी म्हणलं, "साहेब, तुमची लाइट चालू हाय की."

"आमची चालूच राहणार, बाई. हापिस हाय."

"मग आमच्या मळ्यात एक हापिस काढा."

मागची माणसं हसली. तो हसला न्हाई. त्यानं जे सांगितलं ते तुला लिहिते, तुला त्यातलं कळंल. खांब मंजूर केल्याचे कागद हैद्राबादला राहिलेत. हैद्राबाद आता परमुलूख. नवे कागद मुंबईवरून येणार, ते इंग्रजीत. जुने उर्दूत. दोघांची गाठ पडंपर्यंत खांब पडलेलेच राहणार. मी म्हणलं, "साहेब, वादळानं काही उर्दूत पाडले न्हाईत."

मग खरं बोलला. ती लाइन आबासाहेबाच्या जिनासाठी टाकलेली. जीन दसऱ्याला सुरू हुतं, कापूस आल्यावर. तवर घाई कुणाला? "मधी तुमचा एक मळा हाय..." म्हणला आन माशी हाकलल्यासारखा हात हालवला.

मी हालले न्हाई. जाईना म्हून त्यानं कागद ओढला. "बरं, दरख्वास्त घेतो. नाव सांगा."

"झुंबरबाई."

"नाव झुंबर आन घरात उजेड न्हाई?" मेल्याला येवढा एक विनोद सुचला, तो त्यानं दोनदा केला. लिहून घेतलं. आठवड्यात माणूस पाठवतो म्हणला. गाडीत जागा मिळाली, मी घरी आले.

तुझा आज्जा बरा हाय. मळ्यातच असतो. खांदा सुजलाय म्हून तेल चोळून दिलं. कावडीची दांडी जुनी हाय, ती रुतती. असो.

पत्रात तिचं नाव दोन ठिकाणी लिहिलंस. मला लागलं न्हाई. जोडाक्षरं लय हायेत.

आज्जी


ज्येष्ठ शुद्ध, बाजारचा दिवस

मुंजाजीस,

कावडीचं माझ्या हातनं निसटलं आन तू ते बरोबर धरलंस. लहानपणीबी असाच होतास, ताटातला एक खडा तुलाच सापडायचा.

तर ऐक. तुझा आज्जा कावडीनं पाणी वाहायलाय. मी काठावरून पोहरा सोडते, घागरी भरते, तो नेतो. उन्हं उतरली की न्या म्हणते, तर म्हणतो, वेलीला तहान आत्ता लागली, संध्याकाळी तिला पाणी पाजून काय करू. मी भांडते, घागर भरते, परत भांडते. दुसरं काय करणार. व्यंकटी येऊन दोन खेपा करून गेला. त्याच्या सोताच्या उसाला पाणी न्हाई, त्याला किती बोलावं?

हापिसाचा माणूस काही आला न्हाई. म्हून परत गेले. दिनकररावानं गठ्ठा उलथापालथा केला.

"बाई, झुंबरबाईच्या नावाचं मीटरच न्हाई तुमच्या गावात. म्हून तुमची दरख्वास्त बाजूला पडली."

"मीटर विहिरीवर हाय. मी रोज बघते."

"कुणाच्या नावावर हाय?"

"मालकाच्या."

"मग मालकाचं नाव सांगा."

आता बोल. तुझ्या आज्ज्याचं नाव मी लग्नात एकदा घेतलं, तेबी उखाण्यात, पाठीत नणंदेनं चिमटा काढल्यावर. पुन्हा न्हाई. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतं, हे आईनं मला कानाला धरून सांगितलेलं. मी म्हणलं, "आमच्या गावात कुणालाबी इचारा." तो म्हणला, "मी कशाला येऊ तुमच्या गावात?" मी रांगेकडं बघितलं. आपल्या गावचं एक कुत्रं न्हाई.

"लिहिता येतं का?" म्हणला आन टाक माझ्या हातात दिला. मी लिहिलं. गाव लिहिलं, विहीर कुठली ते लिहिलं, आन नावाच्या जागी लिहिलं, मुंजाजीचे आज्जे.

त्यानं मोठ्यानं वाचलं. "मुंजाजीचे आज्जे. हे नाव हाय का, बाई?"

"गावात हेच चालतं."

"मग उखाणा घ्या! आमीबी ऐकतो."

सगळं हापिस हसायलं. मी म्हणलं, "घेतला होता एकदा. तवा तुझा बाप लंगोटात असंल." तर चिडला. म्हणला, मालकाला घेऊन या, न्हाईतर जा.

मालकाला कुठनं नेऊ? तो विहिरीवरून हालला की एक ओळ वाळती.

बाहेर येऊन वरांड्यातल्या नळाला तोंड लावलं. नळाला पाणी येत होतं, धो धो. कुणी बंद केला नव्हता म्हून खाली वाहून जायलं होतं. मी तो बंद केला. आत गेले. त्या पंख्याखाली उभी राहून मी तुझ्या आज्ज्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासगट, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुला वाटंल सगळे गप्प झाले असतील. कुणी गप्प झालं न्हाई. दिनकररावानं टाक दौतीत बुडवला आन लिहिलं. "आता लागंल नंबर," म्हणला. "पुढचं बोला," म्हणला मागच्याला.

घरी आले तर त्यानं इचारलं, "काय म्हणले?" मी म्हणलं, येतील. नाव कुणी सांगितलं हे त्यानं इचारलं न्हाई. त्याच्या ध्यानातच आलं नसंल. काल पांगाऱ्याखाली बसला होता, हाक मारली तर लय वेळानं ओ दिली. ऊन हाय.

तू इचारतोस, रजा काढून येऊ का. नको येऊ. त्याच्या तोंडातनं गेलेला शब्द त्याला गिळता येत न्हाई, आन तुझ्या अंगात त्याचंच रगत. मिरगाचा पाऊस पडू दे, डोकं थंड होऊ दे त्याचं. मग मी सांगीन तवा ये.

आज्जी


ज्येष्ठ पौर्णिमा

मुंजाजी,

बायका वडाला सूत गुंडाळायला चालल्यात. मी घरात बसून लिहायले.

शनिवारी मिरग लागला. कोरडाच लागला. त्याच दुपारी तुझा आज्जा गेला.

उन्हाळ्याचे दिवस, ठेवता आलं न्हाई. तार करून तू येईस्तवर काय राहिलं असतं. अग्नी व्यंकटीनं दिला. जागा वढ्याच्या अंगाला केली, तिथनं मळा दिसतो.

बाकी मागून लिहीन. टाक धरवंना. पोहरा ओढून बोटं सालटलीत.

आज्जी


ज्येष्ठ वद्य, दहावा झाल्यावर

मुंजाजी,

कसा गेला इचारलंस. सांगते. रडायचं असंल तर आधी रडून घे, मग वाच. ओल्या कागदावरचं मलाच लिहिता येत न्हाई, तुला वाचता कसं यायचं.

सगळा मळा जगवणं दोन म्हाताऱ्या माणसांचं काम न्हाई, हे त्याला आधीच कळलं होतं. मला सांगितलं नव्हतं. पयल्यांदा वरचा मळा सोडला. मग बांधाकडच्या ओळी. ओळ सोडायची तवा तिच्या तोंडाशी जरा उभा राहायचा, पावण्याला येशीपर्यंत पोचवल्यासारखा. शेवटी एकच ओळ धरून बसला, पांगाऱ्याच्या कडंची. मी म्हणलं, "अव, चांगल्या जोमदार ओळी सोडून ही लुकडी कामून धरली?" तर म्हणला, "तुला काय कळतंय पानातलं."

पानातलं न्हाई कळत मला. पर ओळ कुणाची ते कळतं. तुझा बाप गेला त्या साली तू येवढासा होतास. आज्ज्याच्या मागं मागं उकिडवं सरकत त्या ओळीची वेलाची कांडी तू पुरली होतीस, निम्मी उलटी. तू जेवायला गेल्यावर त्यानं ती उपसून सुलटी केली आन आल्यागेल्याला सांगितलं, ही ओळ आमच्या मुंजाजीनं लावली, एक कांडं मेलं न्हाई. तुला आजूनबी ठाऊक नसंल.

मिरगाच्या दिवशी तो कावड घेऊन गेला. मी पुढच्या घागरी भरून ठेवल्या. यायचा वेळ झाला, आला न्हाई. हाक मारली. ओ आली न्हाई. पोहरा काठावर ठेवला आन गेले. पांगाऱ्याला पाठ टेकून बसला होता. दोन्ही घागरी रिकाम्या, शेजारी नीट पालथ्या घातलेल्या. ओळ शेवटापर्यंत ओली होती. त्या माणसाला काम अर्धं टाकून उठता आलंच न्हाई कधी. मिरगापर्यंत जगवायची म्हणला होता, मिरगापर्यंत जगवली.

मी हापिसात नाव घेतल्याचं गावात कसं कळलं देव जाणे. पिंगळीच्या गाडीत बोललं असंल कुणी. शेजारची कडूबाई भेटायला आली, पदर तोंडाला लावून म्हणली, "नाव घेतलंत ना मामी, म्हून आयुष्य सरलं." मी म्हणलं, "मग कडूबाई, तुझा नवरा रोज पिऊन तुला मारतो. घे की त्याचं नाव, उद्यापासून सकाळ संध्याकाळ." ती उठली ती गेलीच.

तो पाणी वाहून गेला, ऊन लागून गेला, हे मला कळतं. तरी एक हाय. जे नाव जन्मभर जिभेवर येऊ दिलं न्हाई, ते मी एका उपऱ्या पंख्याखाली टाकून आले, आन लाइट तरीबी आली न्हाई. आता लिहायला हरकत न्हाई. आप्पाराव. हे बघ. आप्पाराव. काही हुत न्हाई.

मग सुतक. सुतकातल्या माणसानं पानमळ्यात जायचं न्हाई, ही रीत तुला ठाऊक हाय. त्यानंच पाळली आन त्यानंच सगळ्यांकडून पाळून घेतली. मला जाता येईना, व्यंकटीला येईना, भावकीत कुणालाच येईना. घागरी विहिरीपाशी, ओळ तिथं समोर, आन मधी कुंपण. कडूबाई परघरची, ती गेली असती पाणी घेऊन. पर तिला मी आधीच बोलून बसले होते. निरोप पाठवला. आली न्हाई. तिनं तरी कामून यावं?

मी कुंपणाशी जाऊन उभी राहायचे. पयले शेंड्यांनी माना टाकल्या. मग पानं उन्हात धरलेल्या पापडासारखी झाली. तू म्हणशील, मोडायची होती रीत. त्या माणसानं जन्मभर मोडली न्हाई, ती मी त्याची राख गरम असताना मोडू? मोडली असती तर ओळ वाचली असती. हेबी मला कळतं. दोन्ही कळतं, म्हून तर उभी राहायचे.

सुतकातच लाइटीची माणसं आली. दरख्वास्त आता बरोबर नावावर लागली होती म्हणं. खांब उभे करायला किती वेळ लागला इचार. सकाळी आले आन दिस मावळायच्या आत हात धुवून मोकळे झाले. येवढंसं काम होतं ते. त्यातला एक गडी घाम पुसत कुंपणापाशी आला. "आजी, पानमळा हाय की तुमचा! एखादं पान द्या की खायाला." मी म्हणलं, "बाळा, जरा उशीर केलास." त्याला वाटलं पानं तोडून बाजारला गेली. "बरं, पुढल्या खेपेला," म्हणला आन गेला. त्याला काय बोलायचं. जिथं बोलायचं तिथं पंख्याखाली बसलेत.

खांब उभे राहिले तरी तारेत जीव आला न्हाई. हुकूम आल्यावर सोडू म्हणले.

दहाव्याला वढ्याच्या काठी पिंड मांडला. कावळा बाभळीवर बसलेला, खाली येईना. व्यंकटी हात जोडून म्हणला, "काका, काकूला मी बघतो." कावळा तसाच. "काका, मळा पुन्हा लावतो." कावळ्यानं चोच पुसली. सगळे माझ्याकडं बघायले, जसा काही कावळा माझ्या बोलण्यात हाय. मी तोंडानं काही बोलले न्हाई. मनात म्हणलं, पोराला बोलावून घेते. तवा तो मेला खाली उतरला. पिंडाकडं दोन उड्या मारल्या. आन तेवढ्यात विहिरीवर मोटर सुरू झाली.

खटका खालीच होता ना. कुणाला हात लावू दिला नव्हता त्यानं.

अशी घरघरली की कावळा उडाला तो जिनाच्या पलीकडं. परत आला न्हाई. दर्भाचा कावळा करून शिववला आन उरकलं. लोकं म्हणायली, म्हाताऱ्याचा जीव गुंतलाय. गुंतला असंल. कशात ते मला इचारायला कुणी आलं न्हाई.

पाटाला पाणी आलं. लय आलं. वाळलेल्या ओळीतनं पार पांगाऱ्याच्या बुडाशी गेलं. माणसं पिंडाचं सोडून तिकडंच बघत राहिली. अंघोळ केली, सुतक फिटलं, मग मी जाऊन खटका वर केला.

आज्जी


आषाढ, पावसाची उघाड

मुंजाजीस,

तुझं पत्र आलं. लिहिलंस, "आज्ज्यानं मळ्यात पाय ठेवू नको म्हणलं होतं. आता येऊ का?"

अरे, हे इचारायचं असतं का? पर तुझंबी चूक न्हाई. एकानं येऊ नको म्हणलं, आन दुसरी मी, ज्येष्ठात नको येऊ म्हून लिहिलं. मला वाटलं, पाऊस पडंल, डोकी थंड होतील. पाऊस आता मोप पडलाय. लाइट हाय. विहीर पायरीला लागली. सगळं आलं. ज्याच्यासाठी पायजे होतं ते न्हाई.

लाइटीच्या हापिसातनं कागद आला. आप्पाराव यांची तक्रार दूर झाली हाय, तरी त्यांनी समाधान झाल्याची सही करून परत पाठवावा. मी खाली लिहिलं, मालक घरी न्हाईत. पाठवून दिला. दिनकररावाला माझं अक्षर ओळखू येईल.

व्यंकटी म्हणतो, वेलीच्या आधाराच्या शेवऱ्या पांगारे काढून जवारी टाकू. मी आजून व्हय म्हणलं न्हाई. तू आल्यावर तुमचं तुमी बघा. तुझ्या ओळीकडचा पांगारा तेवढा एक ठेवा.

काल मळ्यात गेले होते. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हून तुझ्या आज्ज्याच्या घातल्या. त्याच मोटेच्या, तुझ्या जोडीच्या. त्यानं त्या लय वापरल्या न्हाईत, दिवसभर मळ्यात असायचा तो, अनवाणी. कुंपणापाशी गेले तर पाय आपला आपण थांबला. टाच बाहेर आलीसुदिक. मग म्हणलं, कुणासाठी? तशीच आत गेले. पांगाऱ्यापर्यंत गेले आन परत आले. मातीत चपलेचा छाप उमटला, मोठाच्या मोठा. कुणी ओरडलं न्हाई.

आशीर्वाद मागून लिहीन म्हणले होते. तो हा. दोघांनी मिळून घ्या. तिचं नाव मी आता वाचलं, एक एक अक्षर सोडवून. इथं लिहित न्हाई, माझ्या हातनं चुकायचं. आली म्हंजे तिच्याच तोंडानं ऐकीन.

पिंगळीला उतरलात की गाडीवाटेनं लांबचा वळसा घालू नका. चिखल हाय. वढ्यावरनं सरळ मळ्यात या, मळ्यातनं घराकडं. तिलाबी तसंच आण. चपला काढायची आता गरज न्हाई.

तुझी आज्जी
झुंबरबाई आप्पाराव